ऑरिन हॉगनचे रिव्हॉल्व्हर

मित्रांनो, माझ्या पोटात सहा घरे आहेत आणि आज ती सहाही रिकामी आहेत. मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. अमेरिकेतल्या मोन्टानाच्या माळावर, एमेट स्ट्राउड नावाच्या म्हाताऱ्याच्या लोखंडी कपाटात मी मऊ फडक्यात गुंडाळून पडलेले असते. पण मी एमेटचे नाही. मी त्याच्या मित्राचे, ऑरिन हॉगनचे. सत्तावन्न वर्षे मी ऑरिनच्या हातात होते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. एका कारागिराने माझा घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा खटका, आणि चाप कानशीने घासून घासून असे जुळवले की घोडा मागे ओढला की कट-कट असा स्वच्छ आवाज येई. तो आवाज त्याने चार वेळा ऐकला आणि मग मला अक्रोडाच्या लाकडाची मूठ बसवली. तेवीस वर्षांच्या ऑरिनने मला दुकानात उचलले तेही त्याच आवाजासाठी. दुकानदार त्याला आणखी दोन रिव्हॉल्व्हर दाखवत राहिला, पण ऑरिनने मला खाली ठेवलेच नाही.

त्याच्या गुरांच्या वाडीवर मला काम होते. गवतात शेपटी वाजवणारा विषारी खुळखुळ्या साप निघे, तेव्हा मी लागे. एका हिवाळ्यात त्याच्या लाडक्या घोड्याचा पाय मोडला, तेव्हा त्याच्या वेदना संपवायलाही मीच लागले. त्या दिवशी ऑरिन दोन तास कुंपणाशी बसून राहिला होता आणि मी त्याच्या मांडीवर गार होत गेले. मी आनंदाची वस्तू नाही, हे मला तेव्हा कळले.

पण आनंदही मी खूप दिला, तो नाकारून कसे चालेल? दर रविवारी चर्चहून आल्यावर ऑरिन, त्याची बायको व्हर्ना आणि शेजारचा एमेट जुन्या खडीच्या खाणीवर जात. फळीवर डबे मांडत आणि पाळीपाळीने नेम धरत. पुढे एमेटने नव्या तऱ्हेचे काळे पिस्तूल घेतले आणि तो मला चिडवू लागला.

"ऑरिन, ते आता संग्रहालयाला देऊन टाक. माझ्या पिस्तुलात सतरा गोळ्या मावतात."

"तुला सतरा लागतात, कारण तुझी एकही लागत नाही," ऑरिन म्हणे. "माणसाला सहा पुरतात."

"मला पाचच पुरल्या," व्हर्ना डब्यांकडे बोट दाखवून म्हणे. "सहावी तू मार बाबा, नाहीतर घरी जाऊन रुसशील."

नेम तिचाच चांगला होता. ऑरिन ते गावभर सांगत फिरे.

एवढ्या जुन्या वस्तूत काय ठेवले आहे, असे तुम्ही विचाराल. माझे वजन हातात शहाणे वाटते, असे ऑरिन म्हणायचा. माझ्यात घाई नाही. प्रत्येक गोळीला थांबून विचार करावा लागतो. आणि प्रत्येक पाळी संपली की एक रीत असे. नळी जमिनीकडे करायची, माझी चक्री बाजूला उघडायची, उरलेल्या गोळ्या, रिकाम्या पुंगळ्या दुसऱ्याच्या तळहातावर ओतायच्या आणि मला मुठीकडून पुढे करायचे. ही रीत ऑरिनने एकदाही मोडली नाही. हसताना नाही, भांडणातही नाही.

मग ऑरिन विसरू लागला. आधी माणसांची नावे, मग रस्ते. मुलगी जॉइस शहरातून आली आणि गाडीच्या किल्ल्या घेऊन गेली. एके दिवशी ऑरिनने मला सकाळपासून तीनदा पुसले, तीनदा तेल दिले. पुढच्या आठवड्यात त्याने मला भरलेले असतानाच पावाच्या डब्यात ठेवले. व्हर्नाला मी तिथे सापडले. ती बराच वेळ डब्याचे झाकण धरून उभी राहिली. मग तिने मला पुसले, तसेच भरलेले स्वयंपाकघरातल्या खणात ठेवले आणि कुणालाही काही सांगितले नाही. गाडी गेली होती, गुरे विकली होती. हेही काढून घेतले तर या माणसाजवळ उरेल काय, असे तिला वाटले असावे. मित्रांनो, ती चूक होती आणि ती चूक आहे हे तिलाही ठाऊक होते. त्या दिवसापासून ती झोपायच्या आधी खण उघडून पाही.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी व्हर्ना मागे कपडे वाळत घालत होती. एमेट रानचेरीच्या मुरांब्याची बरणी घेऊन नेहमीसारखा न ठोठावता स्वयंपाकघरात शिरला. ऑरिनने खणातून मला काढले आणि घोडा चढवला. तोच आवाज झाला, कट-कट. मला त्याची पहिल्यांदाच भीती वाटली.

"कोण तू?" ऑरिन म्हणाला. "माझ्या घरात काय करतोस?"

"ऑरिन, अरे मी एमेट."

"एमेट तरणाबांड आहे. तू कोण म्हातारा?"

एमेट बरणी छातीशी धरून जागच्या जागी थांबला. ऑरिनचे बोट चापावर होते. समोर कोण आहे हे मला माहीत होते. पन्नासहून जास्त वर्षे मी त्याचे हसणे ऐकले होते. पण मला नाही म्हणता येत नाही. बोटाने सांगितले की मी करते, एवढेच माझे आयुष्य.

मागच्या दारात व्हर्ना आली. तिच्या हातात ओली उशीची खोळ होती. ती ओरडली नाही. खाणीवर बोलायची तशाच आवाजात म्हणाली, "ऑरिन, तुझी पाळी झाली. आता माझी."

ऑरिनने मान वळवली नाही.

"किती वेळ अडवून ठेवशील? घोडा उतरव. नळी खाली. मला माझ्या पाच मारायच्यात." आणि तिने तळहात पुढे केला.

ऑरिनचे डोळे तसेच अनोळखी होते. पण त्याचा अंगठा हलला. त्याने घोडा अलगद खाली घेतला, नळी जमिनीकडे केली, चक्री उघडली आणि सहा गोळ्या बायकोच्या तळहातावर ओतल्या. मग मला मुठीकडून तिच्यापुढे धरले. डोक्यातून सगळे गेले होते, हातांना तेवढे आठवत होते.

"नेम नीट धर," तो म्हणाला.

"धरते," व्हर्ना म्हणाली. मग ती खुर्चीत बसली.

एमेटने बरणी टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "मी याची गोळीला ठोकणारी टोची काढून देतो. गोळी उडणार नाही. त्याच्या हातात राहू दे, त्याला बरं वाटेल."

"आणि उद्या नवा टपालवाला आला तर? किंवा शेरिफचे पोलीस?" व्हर्ना म्हणाली. "समोरच्याला काय ठाऊक, ते उडत नाही म्हणून? ते ऑरिनलाच मारतील. घेऊन जा ते. आजच."

म्हणून मी या कपाटात आले. त्यानंतरचे एमेटने मला पुसताना सांगितले. ऑरिन रोज मला शोधी. बायकोला चोर म्हणे. जिने साठ वर्षे त्याला जेवू घातले, तिला तो खिसे उलटे करून दाखवायला सांगे. ती रोज उलटे करून दाखवी. मार्चमध्ये बर्फ वितळायच्या आत तो गेला. शेवटी मला विसरला होता की नाही, कुणाला कळले नाही.

अंत्यविधी झाल्यावर एमेट मला घेऊन व्हर्नाकडे गेला. तिने मला उचलले, वजन घेतले, घोडा न चढवताच परत टेबलावर ठेवले.

"हवंसं वाटतं रे," ती म्हणाली. "पण काल मी चहाचं भांडं चुलीवर विसरले. जळून कोळसा झालं. तुझ्याकडेच असू दे."

"आणि माझ्याकडून कोण घेणार?" एमेट म्हणाला. "मी एक्याऐंशीचा आहे, व्हर्ना."

व्हर्नाने कागद आणि पेन्सिल आणली. एमेटने आपल्या मुलीचे, लोरीनचे नाव लिहिले आणि तिथूनच तिला फोन लावला.

"पोरी, नीट ऐक. कपाटाची एक चावी आजपासून तुझ्याकडे. ज्या दिवशी तुला वाटेल की बापाचं डोकं ठिकाणावर नाही, त्या दिवशी सगळं घेऊन जा. मी शिव्या देईन. तुला चोर म्हणेन. ऐकू नकोस."

मग लोरीन म्हणाली, "बरं, बाबा."

मित्रांनो, माझ्यावर प्रेम करणारे लोक मला तेल देतात, पुसतात, कोरड्या जागी ठेवतात. ती निगा अर्धीच आहे. मला कुणाच्या हाती सोपवायचे हे डोके शाबूत असतानाच ठरवा. त्याला बोलावून सांगा. तो मागायला येईल तेव्हा तुम्हाला राग येईल. तरीही द्या.