पुसलेली सावली

ठण्ण! पाण्याची बाटली पलंगावरून पडली आणि गडगडत कपाटापाशी जाऊन थांबली. माझा माऊसवरचा हात होता तिथेच राहिला. भिंगरी जागी झाली असती तर माझी दुपार संपलीच होती. तिने कूस बदलली, झोपेतच ओठ दोनदा हलवले आणि पुन्हा गाढ झाली. मी श्वास सोडला. चार वर्षांच्या मुलीची दुपारची झोप म्हणजेच घरून काम करायच्या दिवशी माझं ऑफिस. जेमतेम सव्वा तासाचं.

समोरच्या पडद्यावरही तीच होती. पायरीशी बसलेली, गुडघा फुटलेला, तोंड चौकोनी करून रडणारी. मी तिच्या गालावरच्या अश्रूवर एक पांढरा ठिपका ठेवत होते. तो नीट चमकावा म्हणून.

ऑनलाइन जाहिराती करणाऱ्या एजन्सीत मी तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते. भिंगरीच्या आधी मी बऱ्यापैकी नाव असलेली डिझायनर होते. चार वर्षं घरी बसले तर सॉफ्टवेअरमधली बटणंसुद्धा जागा बदलून बसली होती. शेजारच्या खुर्च्यांवरची मुलं मला 'ताई' म्हणायची आणि शॉर्टकट शिकवायची, तेही इतक्या अदबीने की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तीन महिन्यांतले अकरा आठवडे सरले होते आणि माझं एकही काम पास झालं नव्हतं.

शेवटचं काम होतं जखमेवर लावायच्या पट्टीचं. मी एक अस्वल काढलं. ढोपरावर पट्टी, चेहऱ्यावर शौर्य. आमच्या मुख्य डिझायनर बाईंनी मान तिरकी करून पाहिलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे 'गोड आहे' म्हणजे गेलं बासनात.

"खरं मूल दाखव गं. खरं रडणारं. परवा सकाळपर्यंत."

मी विकतच्या फोटोंमधली रडकी मुलं धुंडाळली. जाहिरातीतल्या ओळी लिहिणारा आमचा कविराज माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "हे रडत नाहीये हो ताई. याला चॉकलेट कबूल केलंय. आणि हिला शिंक येतेय."

त्याच संध्याकाळी भिंगरीला घेऊन खाली बागेत गेले होते. फोन हातातच होता, बाईंचा निरोप वाचत होते. भिंगरी पायरीवरून घसरली. पडल्यावर ती लगेच रडली नाही. आधी तिने मान वळवून मला शोधलं. मी दिसले, आणि मगच तिचं तोंड उघडलं.

मी फोन उचलला. तिला नाही.

चार फोटो. पाच सेकंद झाले असतील, फार तर सहा. मग फोन पिशवीत टाकला आणि तिला कडेवर घेतलं. ती माझ्या मानेत तोंड खुपसून हुंदके देत होती आणि मी "झालं, झालं, आले ना मी" म्हणत होते. तिला थोपटता थोपटता माझ्या मनात आलं, दुसरा फोटो हलला नसला म्हणजे मिळवली.

घरी पट्टी लावताना तिने त्या पडण्याची गोष्टच करून टाकली.

"आई, तू कशी आलीस सांग."

"तू पडलीस धप्पकन, आणि आई सुटली सुसाट!"

"चप्पल पण राहिली?"

"चप्पल पण राहिली."

चप्पल माझ्या पायातच होती. पण तिला ती गोष्ट इतकी आवडली की रोज जेवताना सांगावी लागायची, चपलेसकट.

दुसरा फोटो हलला नव्हता. फक्त खालच्या कोपऱ्यात, फरशीवर, माझी लांबलचक सावली पडली होती. सरळ उभी. दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. तो ठिपका ठेवून झाल्यावर मी ती सावली पुसली. फरशीचे तुकडे उचलून वर बेमालूम बसवले. हे काम मला चांगलं येतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. "कोणाची गं?"

"माझीच."

"मग बरंच झालं. परवानगीच्या कागदावर पालकाची सही लागते." त्यांनी पेन पुढे केलं. "रडवलीस कशी?"

"पडली होती."

"नशीबच म्हणायचं तुझं!" असं बोलून गेल्यावर त्यांनीच जीभ चावली. मी सही केली. पेन चांगलं चालत होतं.

कविराजाने ओळ लिहिली: 'ती पडते, तेव्हा आई जवळच असते.'

आमच्याकडे दोन नमुने एकदमच सोडतात. निम्म्या लोकांना बासनातून काढलेलं ते अस्वल दिसलं, निम्म्यांना भिंगरी. कोणावर जास्त बोटं पडतात ते तीन दिवस मोजलं. माझ्या लेकीचं रडणं अस्वलाच्या तिप्पट चाललं. शुक्रवारी मला कायम केलं. बाई म्हणाल्या, "अशीच अजून काही काढशील?" नाही म्हणायचं होतं. "बघते," म्हणाले.

जाहिरात कोणाला दाखवायची त्याचे रकाने मीच भरले होते. तीन ते सहा वर्षांची मुलं असलेली घरं. आपलंही घर त्यातच बसतं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

आज सकाळी मी कणीक मळत होते. बाहेरच्या खोलीत भिंगरी आजीच्या मांडीवर बसून टॅबवर कार्टून बघत होती.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. "ही तर आपली भिंगरी! अगं, ये लवकर! टीव्हीतल्यासारखी दिसतेय!"

पिठाच्या हातांनी मी दारात आले. टॅबमधली गोड आवाजाची बाई म्हणत होती, '…आई जवळच असते.' सासूबाईंनी कौतुकाने चित्र तिथेच थांबवलं.

भिंगरी हसली नाही. तिने चेहरा टॅबला लावला. मग टॅब उलटा करून मागे पाहिलं. पुन्हा सुलटा केला आणि बोट फरशीवरून, अगदी खालच्या कोपऱ्यापर्यंत, हळूहळू फिरवलं.

"आई, ही मी पडले तेव्हाची ना?"

"हो राणी."

"तू सुसाट आलीस ना? चप्पल पण राहिली ना?"

"हं."

तिने टॅब माझ्यासमोर धरला.

"मग ह्याच्यात तू कुठेयस?"