नदीअलीकडची गोचीड

भिंगाखालची गोचीड तिळाएवढी होती, आठही पाय आखडून घेतलेली... रोज अशा तीसेक मोजायच्या, जात पाहायची, गावाची चिठ्ठी कुपीला चिकटवायची. बारा वर्षं हेच काम. हाताला सवय झाली की डोकं मोकळं सुटतं, आणि तिचं डोकं हल्ली सुटलं की सरळ जाऊन गेल्या वर्षीच्या त्या दुपारीच ठाण मांडतं.

तोवर गोचिडीचा ताप नदीपलीकडे होता. सगळेच तसं म्हणत. कार्यालयातल्या नकाशावर रुग्णागणिक टोचलेल्या लाल टाचण्याही पलीकडेच. तिनं मात्र अलीकडच्या झुडपांवरून पांढरं कापड ओढत नेलं होतं, आणि त्याला चिकटून आलेल्या गोचिडींपैकी अकरांमध्ये तापाचा विषाणू निघाला होता. अहवाल घेऊन ती साहेबांकडे गेली. त्यांनी तो वाचला, शांतपणे मिटला.

"पुन्हा तपासून घेऊ. तोवर बाहेर बोलू नका. उगाच बभ्रा होतो."

"बरं, सर."

बरं, सर! दोन शब्द. त्यानंतर नमुने पुन्हा गेले, निकाल यायला पाच महिने लागले, आणि टाचण्या नदी ओलांडून एकेक गाव खाली उतरत आल्या... त्यातली एक दादाची. तिच्या सख्ख्या भावाची. ती तिनं स्वतः टोचली होती, कारण टाचण्या टोचणं तिचंच काम.

"मृत्यूचा फॉर्म राहिलाय," साहेब दाराशी येऊन म्हणाले. "घरचंच आहे, तुम्हीच जाऊन या."

घरचंच! ह्या माणसाला शब्द निवडण्याचीही लाज नाही, असं वाटून तिला बरं वाटलं. साहेबांचा राग आला की तिला नेहमीच बरं वाटे—टेकायला भिंत मिळाल्यासारखं.

वहिनी ओट्याशी भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "विचार काय विचारायचं ते."

वय. व्यवसाय—लाकूडतोड. ताप कधी आला. नाकातून रक्त कधी... वहिनी तारखा सांगत होती, घडाघडा, पाठ असल्यासारख्या. शेवटून दुसरा प्रश्न छापील होता: रुग्णास आजाराची पूर्वसूचना मिळाली होती काय? होय. नाही. दोन चौकोन.

पेन थांबलं.

तिनं दादाला लांब मोजे आणून दिले होते. अहवाल दिला त्याच आठवड्यात. "रानात जाताना घालत जा, किडे असतात," इतकंच म्हणाली होती. "आता मला शाळेत घालतेस का?" असं म्हणून तो हसला होता. तीही हसली होती. तेव्हा वाटलं होतं, आपण आज्ञाही मोडली नाही आणि भावालाही सांभाळलं—आणि त्या हुशारीवर ती त्या रात्री गाढ झोपली होती...

"काय विचारलंय?" वहिनी म्हणाली.

तिनं वाचून दाखवलं. वहिनीनं देठं गोळा केली, हात पुसले.

"मोजे दिले होतेस तू. तेव्हा माहीत होतं तुला?"

साहेबांचं नाव ओठांवर आलं. मला बोलू दिलं नाही, वहिनी, त्यांनी... वाक्य तयार होतं, वर्षभर घासूनपुसून ठेवलेलं. पण मोजे द्यायला साहेबांनी सांगितलं नव्हतं. किडे असतात, हेही नाही.

"होतं," ती म्हणाली.

वहिनी भाजी घेऊन नळाखाली धुवायला लागली. "मग तसं लिही."

तसं म्हणजे कसं? होय, की नाही? विचारायची सोय नव्हती. ती साहेबांवरचा राग शोधू लागली, सवयीनं, अंधारात भिंत चाचपावी तसा—आणि तो तिथं नव्हता. पाण्याचा आवाज चालू होता. दोन्ही चौकोन कोरे होते, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं, की ह्यापुढे कुणाचाही राग करायचा म्हटलं तर आधी स्वतःला वळसा घालून जावं लागेल... आणि तो रस्ता फार लांबचा आहे.