नुसती विचारपूस

"आधी मदत मागायची, मग बाकीच्या गप्पा," असं म्हणत नव्या साहेबांनी खुर्ची ओढली आणि माझ्या टेबलाशीच ठाण मांडलं. मी फोनवर खरंच मागते की नाही, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं.

आमचा वृद्धाश्रम लोकांच्या मदतीवर चालतो. कोणी औषधं देतं, कोणी चादरी, कोणी आपला वेळ. या माणसांना वर्षभर फोन करणं हे माझं काम. मागायला नाही, सांगायला. तुम्ही दिलेला रेडिओ आजी कोणाला हात लावू देत नाहीत, असलं काहीबाही. साहेबांच्या आधी आश्रम सांभाळणाऱ्या बाईंनी ही पद्धत घालून दिली होती. नव्या साहेबांनी ती मोडीत काढली. आभारासाठी वर्षातून एक समारंभ पुरे म्हणे. भाषणं, फोटो आणि काचेचं एकेक सन्मानचिन्ह. एरवी फोन केला की मागायचं. मी वाद घातला, तर मला म्हणाले, "फोनचं बिल गप्पा मारायला भरत नाही आपण." तेव्हापासून मी मागत होते आणि रोज घरी जाऊन चरफडत होते.

त्या दिवशी पहिला नंबर सलूनवाल्या काकांचा होता. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची दाढी करायला हा माणूस वर्षानुवर्षं आला. मान एका हातावर तोलून धरायचे, दुसऱ्या हाताने वस्तरा फिरवायचे आणि वर चिडवायचे, "आता स्थळं येतील हो तुम्हाला." पुढे त्यांचे हात थरथरायला लागले आणि येणं बंद झालं.

फोन काकूंनी उचलला. "ते घरी नाहीत," त्या म्हणाल्या. मागून काकांचाच आवाज आला, "बाहेर गेलोय म्हणून सांग."

फोन स्पीकरवर होता, साहेबांनीही ते ऐकलं. "टाळतोय," ते म्हणाले. "यंदा समारंभाला बोलावू नका त्याला."

"साहेब, हात कापतात त्यांचे."

"मग दुसरा कोणी पाठवू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाने कधी पाण्याचा पेलासुद्धा मागितला नाही, त्याला स्वतःच्या घरात लपायची वेळ आणली आम्ही, आणि हा बाबा त्यालाच टाळतोय म्हणतो. मी पर्स उचलली. "कुठे निघालात?" साहेबांनी विचारलं. मी तडक काकांचं घर गाठलं.

काकूंनी दार अर्धवटच उघडलं. मला बघून त्या ओशाळल्या.

"अहो, ताई आल्यात," त्यांनी आत सांगितलं.

मी उंबऱ्यातूनच मोठ्याने बोलायला लागले. "काका, कोपऱ्यातले आजोबा तुमची फार आठवण काढतात. आमच्या शिपायाने त्यांची मिशी एका बाजूने पार उडवलीय. आरसा दाखवला तर रुसून बसले."

आत कपाट उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, हसत बाहेर येतील. काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. वरचं बटण चुकीच्या काजात गेलं होतं. खांद्याला त्यांची हत्यारांची बॅग होती.

"चला," ते म्हणाले. "वस्तरा नाही जमायचा. मशीन चालवतो हळूहळू. कोणाला लागलं-बिगलं तर सांभाळून घ्या."

"नाही हो काका. बसा तुम्ही. मी काही मागायला नाही आले."

"समारंभाचं काही काम आहे का?"

"नाही. नुसती भेटायला आले."

त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. थरथरत्या हाताने बॅगेचा पट्टा तसाच धरून ठेवला होता.

"मग आलात कशाला?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.