कल कुणाचा?

फौंड्री बंद पडली आणि चाळिशी उलटलेल्या गड्यांना करिअर समजावून सांगायला कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका तालमीच्या हॉलमध्ये राजवीर सर उगवले. फुकटात! धम्मपालला तेव्हाच वास आला होता. पण ह्या गड्यांना कामावर घेणाऱ्या नव्या कारखान्यात सुपरवायझर कोण होणार, ते सरांच्या शिफारशीवर होतं. धम्मपालला ती जागा हवी होती. मोल्डिंगवर त्याची हयात गेली होती, शेवटी शेवटी तर आख्खी पाळी तोच सांभाळत होता.

सरांनी सगळ्यांना गोल बसवलं. "चला पावणं, ओळख करून द्या."

"धम्मपाल. गडमुडशिंगी."

"आडनाव राहिलं की!"

आडनाव कशाला विचारतात, ते इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. "कांबळे," तो म्हणाला. सर हसले. गोड हसले. तेच त्याला खटकलं.

मग कलचाचणी. तुम्हाला माणसं आवडतात का यंत्रं, असले प्रश्न. पुढं नुसत्या खुणा करायच्या. शेजारी त्याच्याच पाळीतला सम्मेद चौगुले, चष्मा घरी विसरून आलेला.

"धम्या, कागद जरा हिकडं सरकव की."

"लेका, कल कधी कॉपी करत्यात व्हय?"

"आपल्याला कुठला बी चालतोय, गड्या."

चहा झाला आणि सरांनी निकाल वाचला. सम्मेद चौगुले : नेतृत्वगुण, सुपरवायझर. धम्मपाल कांबळे : सेवाभाव, हाउसकीपिंग.

"लाजू नका, पावणं. साफसफाईतही मोठं करिअर आहे."

धम्मपालनं सम्मेदकडं बघितलं. सम्मेदनं मान खाली घातली. घाल लेका, धम्मपाल मनात म्हणाला, सुपरवायझर झालास न्हवं आता.

तेवढ्यात सम्मेद खाकरत उठला. "सर, मी ह्याचंच बघून लिवलंय. एक खूण इकडची तिकडं न्हाय."

सर तापले. "कॉपी? मग दोघंही बाद!"

"बाद तर बाद." धम्मपालनं टेबलावरचे दोन्ही कागद उचलून सरांच्या नाकासमोर धरले. "खुणा त्याच, मग कल दोन कसं? माणूस तपासलासा का आडनाव?"

"बसून घ्या, पावणं."

"पावणं कुणाला म्हंतासा? एवढं खोदून आडनाव इचारलासा न्हवं? मग आता सगळ्यांदेखत कांबळे म्हणा की!"