तांब्याच्या ठिगळापर्यंत

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. लोखंडाची, दोन कानांची, आणि पोटाला तांब्याचं ठिगळ असलेली. ठिगळाचं ऐकून हसू नका. आमच्या या लांबघरात एका छपराखाली बावीस कुटुंबं राहतात. त्यांच्याकडे भाले आहेत, बंदुका आहेत, तिखट नाकाचे कुत्रे आहेत. पण रानडुकरांच्या शिकारीला नेमकं कधी निघायचं, हे त्यांतलं कोणीच ठरवत नाही. ते मी ठरवते.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. तिथून होडीत बसून मी नदी चढत आले. वाटेतल्या तिसऱ्या धबधब्यापाशी होडी खडकावर आपटली आणि माझ्या पोटाला चीर गेली. बायका म्हणाल्या, "फुटकी कढई कशाला ओढून आणलीत? नदीतच टाकायची!" पण पुढे मला सांभाळणाऱ्या उबोंगच्या सासूनं मला टाकलं नाही. तिनं एका फिरत्या लोहाराकडून चिरेवर तांब्याचा तुकडा बसवून घेतला. वर एक, खाली एक आणि बाजूला दोन असे चार खिळे ठोकले. त्यातला वरचा खिळा म्हणजे माझ्या कपाळावरचा मान आहे. का, ते ऐका.

आमच्याकडे दाढीवाली रानडुकरं दरवर्षी येत नाहीत. डोंगरावर एंगकाबांगच्या झाडांची तेलकट फळं गळायला लागली की लांबलांबच्या रानांतून त्यांचे कळप निघतात. येतात तेव्हा ती चालून चालून वाळलेली असतात. तेव्हाच मारली तर मांस चिवट निघतं, चरबी नावाला सापडत नाही आणि उरलेला कळप बिथरून डोंगरामागे पळतो. फार उशीर केला तर फळं संपतात, डुकरं नदी पोहून पलीकडे जातात आणि आपण काठावर हात चोळत बसतो. या दोन्हींच्या मधले थोडेच दिवस खरे शिकारीचे. ते ओळखायची आमची रीत अशी की आधी एकच नर मारायचा. त्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत वीतभर रुंदीचा चरबीचा पट्टा काढायचा आणि माझ्यात वितळवायचा. चरबी वरच्या खिळ्याला टेकली की निघायचं. नाही टेकली की थांबायचं.

ही चरबी म्हणजे लांबघराचं वर्षाचं तेल. गरम भातावर चमचाभर चरबी आणि मीठ घातलं की आजारी माणूससुद्धा उठून बसतो. म्हणून माझा शब्द मोठा. आणि तो वाचून सांगायचा मान सासूमागून उबोंगकडे आला होता. ती मला राखेनं घासायची, कोरडी करायची आणि चुलीवरच्या फळीवर पालथी ठेवायची. तीस वर्षं तिनं मला गंज चढू दिला नाही.

आता त्या वर्षाची गोष्ट सांगते. चार वर्षं डोंगरावर फळ धरलं नव्हतं. चरबीचे रांजण कोरडे पडले होते, आणि बायका ते उलटे करून त्यांवर बसायला लागल्या होत्या. पाचव्या वर्षी फळं गळली आणि कळपांचे ठसे दिसले. उबोंगचा भाचा लाहांग, लांबघरातला सगळ्यांत तरबेज भालेवाला, त्याला तर धीरच धरवेना. त्यानं एक नर मारून आणला. चुलीचा एक दगड तडकला होता, तोही त्यानंच नदीवरून नवा आणून बसवला आणि घाईघाईनं मला वर चढवलं.

चरबी वितळली. सगळे माझ्यावर वाकले. चरबी वरच्या खिळ्याला टेकली होती!

एकच ओरडा झाला. पुरुष भाले काढायला धावले. आणि मी? मी आतून तळमळत होते, कारण मला ठाऊक होतं की मी सरळ बसलेली नाही. नवा दगड बुटका होता. मी ठिगळाच्या बाजूला कलले होते आणि सगळी चरबी तिकडेच गोळा झाली होती. पण कढईला तोंड मोठं असलं तरी बोलता कुठे येतं?

उबोंगची नजर तेव्हा अधू झाली होती. तिनं बांबूचा डाव घेतला आणि काठापासून चरबी किती खाली आहे, ते बोटांनी मोजलं. चार बोटं भरली. मग ती चुलीला वळसा घालून भिंतीकडच्या बाजूला गेली आणि तिथेही मोजलं. तिथे सात बोटं भरली.

"थांबा रे," ती म्हणाली. "कढई कललीय."

लाहांग हसला. "मावशी, नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अंगण नाही रे बाबा, चूल वाकडी आहे. आणि ती तू मांडलीस."

सगळे खो खो हसले. लाहांगचे कान लाल झाले. उबोंगनं बुटक्या दगडाखाली खापरीचा तुकडा सारला, मला सरळ केलं, आणि चरबी खिळ्यापासून बोटभर खाली जाऊन थांबली.

"बोटभरच तर कमी आहे," लाहांग चिडून म्हणाला. "त्यापायी कळप हातचा घालवायचा? पोरांनी चार वर्षं कोरडा भात खाल्लाय, मावशी!"

"म्हणूनच सांगतेय. बोटभर चरबी म्हणजे आठ दिवसांची फळं. नवव्या दिवशी डुकरं आली नाहीत, तर ही कढई तू घे. मी पुन्हा चुलीपाशी तोंड उघडणार नाही."

मुखियानं मान हलवली आणि भाले पुन्हा भिंतीला लागले.

ते आठ दिवस मी विसरणार नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या लांबघरातली माणसं शिकारीला गेली आणि हाडं मोजता येतील अशी डुकरं घेऊन परतली. तरी आमच्या धक्क्यावरून जाताना ओरडली, "काय हो, तुमची कढई अजून विचारच करतेय का?" सहाव्या दिवशी आमच्या बाजूचे ठसेही नाहीसे झाले. बंदुकांच्या आवाजानं कळप डोंगरामागे गेला म्हणे. त्यानंतर उबोंगशी कोणी धड बोलेना. ती जेवायला बसायची आणि घास तसाच राहायचा. एकदा ती मला घासता घासता हळूच म्हणाली, "मला खोटं पाडू नकोस गं." मला फार वाईट वाटलं. मी खरंच बोलले होते, पण डुकरांना ते कोण सांगणार?

नवव्या दिवशी सकाळी लाहांग नदीवरून धावत आला.

"मावशी! पाणी काळं झालंय डुकरांनी! आपल्याच काठाकडे पोहत येतायत!"

"लठ्ठ आहेत का?"

"पोहताना पाठी वर तरंगतायत!"

आमच्याकडे पोहत येणाऱ्या कळपातल्या पुढच्या डुकरांना हात लावत नाहीत. ती बिनधोक काठावर चढली की मागची भरवशानं येतात. त्या दिवशी पुढची वीस डुकरं काठावर चढून जाईपर्यंत इतरांचे भाले कोणी धरून ठेवले असतील? लाहांगनं! त्या उतावळ्या माणसानं. दुपारी मला चुलीवर ठेवलं तेव्हा अर्धा पट्टा बाहेर असतानाच माझा वरचा खिळा चरबीत बुडाला. एकेक रांजण काठोकाठ भरला. मुखियानं चरबीचा पहिला वाडगा उबोंगच्या हातात दिला. तिनं तो आधी लाहांगपुढे धरला आणि म्हणाली, "घे. आज हात आवरलास, त्याचा हा." तो मान खाली घालून प्यायला. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत अभिमानाचा दिवस.

मग उबोंग गेली. होडीनं डब्यातलं तेल येऊ लागलं. आमचं लांबघर उंच खांबांवर उभं आहे; मला त्याखाली एका खांबापाशी ठेवलं आणि एक लाल कोंबडी माझ्यात अंडी घालू लागली. कोंबडीबद्दल माझी तक्रार नाही, ती बिचारी ऊब देत होती. पण माझ्यात पाणी साचलं, कानांना गंज धरला, आणि ज्या ठिगळाचा मला एवढा मान, त्याच्याकडे वर्षानुवर्षं कोणी पाहिलंसुद्धा नाही.

यंदा फार वर्षांनी पुन्हा फळं गळली. तरुण मंडळी बंदुका पुसून तयार झाली. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा खाली उतरला, त्यानं कोंबडीला हुसकलं आणि मला राख लावून घासायला बसला. तो लाहांग होता. ठिगळ चमकेपर्यंत तो थांबला नाही.

वर चुलीपाशी त्याची लेक बुंगान चरबीचा पट्टा घेऊन उभी होती. "बाबा, टाकू ना आता? सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. आधी चूल."

त्यानं माझे दोन्ही कान हातांत धरले, डोळे मिटले आणि मला जरासं डोलवून पाहिलं. एक दगड अजूनही बुटकाच होता. त्यानं कमरेच्या पिशवीतून खापरीचा एक जुना, काळा पडलेला तुकडा काढला आणि दगडाखाली सारला. उबोंगचाच तो तुकडा. एवढी वर्षं त्यानं जपून ठेवला होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना राख लावा, कोरडं ठेवा, फळीवर जागा द्या. आम्ही खोटं बोलत नाही. फक्त आमची साक्ष काढण्याआधी आम्हाला सरळ बसवा.