दोन सेकंदांची विश्रांती

ल्युब्लियानाच्या त्या प्रयोगशाळेत साडेदहाची मालित्सा, म्हणजे मधल्या वेळचं खाणं, चुकवलेलं कुणाला खपत नसे. तोवर रांगेतले बारा जणांचे बारा नमुने उरकायचे म्हणून यर्नेयाने, अणूंना झटके देऊन औषधाची शुद्धता तपासणाऱ्या चुंबकयंत्राच्या दोन झटक्यांमधली विश्रांती मिनिटावरून दोन सेकंदांवर आणली. काम चुटकीसरशी झालं, निकालही सगळ्यांना गेले. खाली सॉसेज खायला जाता जाता तिने आंद्राझच्या दारातून डोकावून सांगितलं, "तुझं औषध अर्धं बिघडलंय रे. रेणूच्या कडीतल्या अणूचा संकेत निम्माच येतोय."

आंद्राझ सात महिने त्या चमचाभर पांढऱ्या पुडीमागे खपला होता. तो फक्त "बरं" म्हणाला.

यर्नेया परतली तेव्हा यंत्र सांभाळणाऱ्या ब्रेडाबाई आलेखापाशी उभ्या होत्या.

"काय गं, मध्ये थांबलीस किती?"

"दोन सेकंद. पण संकेत अगदी स्थिर होता हो! दर खेपेला तेवढाच."

"तेवढाच येणार. हा अणू सावरायला मिनिट घेतो. तो उठतोय न उठतोय तोच तू दुसरा रट्टा दिलास, मग तिसरा. दमलेला माणूसही एकाच चालीने चालतो, पोरी. तेवढ्यावरून ती त्याची खरी चाल ठरते का?"

 यर्नेयाने आंद्राझच्या नमुन्याची नळी पुन्हा यंत्रात सोडली, या वेळी मिनिटाची विश्रांती देऊन. तासाभराने संकेत पुरता वर आला. पूड शंभर नंबरी होती.

ती धावतच जिना उतरली. आंद्राझ नळाखाली चंबू विसळत होता.

"औषध टाकलंस?" तिने विचारलं.

"टाकाऊ रसायनांच्या पिंपात. बिघडलेल्याचं काय लोणचं घालू?"

तिने काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्याने नळ बंद केला.

"म्हणजे अठ्ठावन्न सेकंद वाचवलेस. सॉसेज गार होत होतं?"

लाजेने तिला वर बघवेना. तिने ती बारीक काचेची नळी त्याच्या हातात ठेवली. तिच्यात तीस मिलिग्रॅम पूड विरघळलेली होती. सात महिन्यांतलं तेवढंच उरलं होतं. त्याने ती उजेडात धरून पाहिली, टोपण घट्ट केलं आणि विचारलं, "बाकीच्या अकरा जणांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग इथे काय उभी राहिलीस? पळ. कुणीतरी आत्ता पिंपाचं झाकण उघडत असेल."