चोरलेले तीन पौंड

"बाबा, अजून घट्ट. मोठे सगळे घट्टच खेळतात." नऊ वर्षांच्या लेकीचा तो आवाज बापाच्या कानात अजून होता, बोट लागलं की वाजणाऱ्या तारेसारखा.

बाप बॅडमिंटनच्या रॅकेटींचं गटिंग करायचा. तार ओवायची, ताण द्यायचा, गाठ मारायची, उभा जन्म त्यातच गेला. त्या दिवशी लेकीचं कोवळं कोपर ठणकत होतं. तिनं चोवीस पौंडांचा ताण मागितला. तार थोडी सैल असली की कोपराला धक्का कमी बसतो आणि शटलही लांब जातं, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं एकवीसचा दिला आणि तोंडानं मात्र चोवीस सांगितला. लेक वाढली, तिचे आकडे वाढले. तो दर वेळी तीन पौंड चोरत राहिला, निजलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढावा तसे, अलगद.

सोळाव्या वर्षी ती जगातल्या पहिल्या आठांत जाऊन बसली. दहा-दहा वर्षांनी थोरल्या खेळाडूंना तिनं पाणी पाजलं. मुलाखतीत ती ऐटीत सांगायची, आपण चौदाव्या वर्षापासून तीसवर खेळतो. बाप टीव्हीसमोरून हळूच उठायचा.

मग रॅकेटी पुरवणारी कंपनी आली. तिचा कारागीर आला, आकडा दाखवणारं त्याचं मशीन आलं. तीस म्हणजे तीसच. तेव्हापासून लेकीचं शटल मागच्या रेषेपर्यंत पोचेना. तीन स्पर्धा झाल्या, तिन्ही वेळा पहिल्याच फेरीत बॅगा भरल्या. तिला शिकवणारे सर म्हणाले, मनगट कच्चं पडलं. पेपरवाल्यांनी लिहिलं, डोक्यात हवा गेली. ती पहाटे उठून मुकाट्यानं डंबेल्स उचलायची. बाप रोज ठरवायचा, आज सांगू. शब्द ओठांपर्यंत यायचे आणि चहाच्या घोटाबरोबर परत खाली जायचे. ज्या आकड्यावर पोर मान ताठ करून उभी होती, तोच कसा काढून घ्यायचा?

आज चौथी स्पर्धा. सामन्याला दोन तास होते. सरावाच्या हॉलमध्ये तिचे एकामागून एक फटके आखूड पडत होते. शेवटी तिनं रॅकेट बाकावर आपटली.

"हातच मेलाय माझा," ती म्हणाली. "घरी बसते आता, भांडी घासायला."

"भांडी तरी कुठे नीट घासतेस," बाप सवयीनं बोलून गेला. ती हसली नाही.

तिनं बाही वर करून कोपराला पट्टी गुंडाळली. कोपर सुजलं होतं. पट्टीचं टोक दातांनी तोडत तिनं कारागिराला हाक मारली आणि दोन्ही रॅकेटी पुढे केल्या. बत्तीस लाव, म्हणाली, सगळ्या मोठ्या तेवढ्यावरच खेळतात.

बापानं मधेच हात घालून रॅकेटी धरल्या. ती ओढत राहिली, त्यानं सोडल्या नाहीत.

"बाबा, आता तुम्ही नका सुरू होऊ."

"तू तीसवर कधी खेळलीच नाहीस, बाळा," तो म्हणाला. "सत्तावीस होते. पहिल्यापासून, दर वेळी तीन कमी. मीच खोटं सांगत आलो तुला."